‘दोन वर्षांत मायक्रोमॅक्स पुन्हा पहिली’ या मजकुराला उत्तर

गेले काही महिने नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे, आणि दुकानात येणारी माणसे तो दाखवून मला माझे मत विचारतात. त्याचा आशय असा आहे: २०१४ साली मायक्रोमॅक्स ही आपली भारतीय कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर होती, चिनी कंपन्यांनी तोटा सोसून स्वस्त फोन विकले आणि तिला संपवले, सरकारने तेव्हा काहीच केले नाही, भारतीय कंपनीचा फोन घेतला की सगळा पैसा देशातच राहतो, म्हणून प्रत्येक घराने पुढचा फोन भारतीय घेतला, तर दोन वर्षांत मायक्रोमॅक्स पुन्हा पहिल्या क्रमांकावर येईल.

मी २०११ पासून कोपरखैरण्यात मोबाइल विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान चालवतो. मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास मालिकेतले फोन मी शेकड्यांनी विकले आहेत, माझे दुकान त्या विक्रीवर उभे राहिले, आणि भारतीय नावाचा एखादा फोन या बाजारात मानाने टिकावा अशी माझीही मनापासून इच्छा आहे. म्हणूनच हा मजकूर मला खटकतो. कंपनी कशामुळे घसरली याचे चुकीचे कारण लोकांच्या मनात बसले, तर ती कशाने सावरेल याबद्दलही आपण चुकीचीच अपेक्षा धरून बसू.

आधी पहिल्या क्रमांकाबद्दल. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. कॅनालिस या संस्थेने २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत केलेल्या मोजणीत मायक्रोमॅक्सचा स्मार्टफोन बाजारातला वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के निघाला होता. सॅमसंगने ही मोजणी मान्य केली नाही आणि दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे केले. वाद बाजूला ठेवला तरी यश मोठेच होते, आणि ते कशावर उभे होते हे पाहण्यासारखे आहे. २००८ साली फोनच्या धंद्यात उतरलेल्या या कंपनीने पहिल्याच फोनला महिनाभर चालणारी बॅटरी देऊन विजेचा भरवसा नसलेल्या गावांतला ग्राहक जोडला. २०१२ साली कॅनव्हास २ आला तेव्हा ५ इंची स्क्रीन आणि दोन सिमचा फोन ९,९९९ रुपयांना मिळू लागला, जेव्हा त्या आकाराची स्क्रीन मोठ्या कंपन्यांकडे कितीतरी महाग होती. २०१३ मध्ये हॉलिवूडचा ह्यू जॅकमन या कंपनीच्या जाहिरातीत दिसला, आणि मायक्रोमॅक्स मागताना गिऱ्हाइकाला संकोच वाटेनासा झाला.

परंतु या फोनचे आराखडे आणि सुटे भाग मुख्यतः चीनमधल्या कारखान्यांतून येत. तिथल्या तयार आराखड्यांतून भारतीय ग्राहकाला काय रुचेल ते निवडणे, किंमत नेमकी बसवणे आणि माल तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचवणे हे कंपनीचे खरे कसब होते. ते कमी दर्जाचे नव्हते, पण ज्यांच्याकडून माल येत होता त्यांचेच देशबांधव स्वतःच्या नावाने इथे उतरले, की त्या कसबाची किंमत झपाट्याने कमी होणार होती. जुलै २०१४ मध्ये शाओमीने फ्लिपकार्टवर पहिला फोन विकला. म्हणजे ज्या वर्षी मायक्रोमॅक्स शिखरावर पोचली, त्याच वर्षी तिच्या पायाखालचा आधार सुटायला लागला होता.

तरीही निर्णायक धक्का चीनमधून आला नाही. तो घणसोलीतून आला. जिओचा कारभार जिथून चालतो ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे रिलायन्स कॉर्पोरेट पार्क माझ्या दुकानापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांसाठी सुरू झाली. या जाळ्यात टूजी आणि थ्रीजी नव्हतेच, साधा कॉलसुद्धा फोरजीवरून जाणार होता. त्यामुळे केवळ थ्रीजीवर चालणारा फोन, कितीही चांगला असला तरी, जिओच्या सिमसाठी निरुपयोगी होता. त्या आठवड्यात काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारी: ‘यात जिओ चालेल का?’ माझ्या मागच्या फळीवर तेव्हा एका कंपनीचे, जिचे नाव मी इथे लिहीत नाही, थ्रीजी फोनचे ४१ सीलबंद डबे होते. किंमत उतरली की फरकाची रक्कम दुकानदाराला परत मिळते, त्याला आम्ही प्राइस ड्रॉप म्हणतो. ती रक्कम मागून मागून मी थकलो आणि शेवटी डबे निम्म्या किमतीत काढले. पुढे ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, आणि सहा-सात हजारांचा फोन रोख पैशाने घेणारा नेमका आमचा ग्राहक दोन महिने दुकानाकडे फिरकला नाही.

मी एक छोटा दुकानदार होतो. ज्या कंपन्यांची गोदामे अशाच मालाने भरलेली होती, त्यांचे भांडवल किती अडकले असेल याचा अंदाज वाचकाने करावा. फोरजी येणार हे गुपित नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये जिओ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली होती, म्हणजे तयारीला आठ महिन्यांहून अधिक काळ होता. भारतीय कंपन्या त्या काळात थ्रीजीचा साठा संपवण्याच्या मागे राहिल्या. जानेवारी २०१७ मध्ये ९,९९९ रुपयांपासून शाओमीचा रेडमी नोट ४ आला तेव्हा त्यात फोरजीवरच्या कॉलची सोय होती, आणि ग्राहकाने त्याच्या प्रश्नाचे उत्तर जिथे मिळाले तिथे पैसे मोजले.

‘तोटा सोसून विकले’ या भागात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याला सरसकट नाकारता येणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये शाओमीने जाहीर केले की फोनसारख्या वस्तूंवरचा आपला निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. हा तोटा नव्हे, पण इतक्या कमी नफ्यावर टिकायला प्रचंड खप लागतो आणि फोनमधल्या जाहिरातींचे व इतर सेवांचे उत्पन्न लागते. व्हिवोने आयपीएलच्या नावापुढे आपले नाव लावण्यासाठी पाच वर्षांचे २,१९९ कोटी रुपये कबूल केले होते. एवढा पैसा मायक्रोमॅक्सकडे नव्हता, हे खरेच आहे. मात्र ज्या तिमाहीत ग्राहकाला फोरजी हवे होते त्या तिमाहीत फोरजीचा फोन तयार ठेवण्यासाठी २,१९९ कोटींची गरज नव्हती.

सरकारने काही केले नाही, या दाव्याला फार जागा देण्याची आवश्यकता नाही. तयार फोनच्या आयातीवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के सीमाशुल्क लागले, डिसेंबरात ते १५ टक्के झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के. परिणाम इतकाच झाला की चिनी कंपन्यांनी जुळणी इथेच करायला घेतली. ओप्पो आणि व्हिवोचे कारखाने ग्रेटर नोएडात आहेत, आणि शाओमीचे फोन फॉक्सकॉनच्या आंध्रातल्या श्रीसिटीमधल्या कारखान्यात २०१५ पासूनच जुळत होते. २०२० च्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत तर भारतीय कंपन्यांसाठी सौम्य अटींचा वेगळा गट होता, आणि त्यात लाव्हासोबत मायक्रोमॅक्स समूहातली भगवती प्रॉडक्ट्सही निवडली गेली.

आता पैसा देशात राहण्याचा मुद्दा. दुरुस्तीच्या टेबलावर भारतीय नावाचा कोणताही स्मार्टफोन मागचे झाकण काढून ठेवा. पत्र्याच्या छोट्या आवरणाखाली जी मुख्य चिप असते ती बहुधा तैवानच्या मीडियाटेकची किंवा चीनच्या युनिसॉकची असते. मेमरी बहुतेक वेळा कोरियन, कॅमेऱ्याचा सेन्सर जपानी, कोरियन किंवा चिनी. ज्याला आम्ही दुरुस्तीवाले फोल्डर म्हणतो, तो काचेसह जोडलेला डिस्प्ले जवळजवळ नेहमी चिनी, आणि बॅटरीतला सेलही तिकडचाच. फोनच्या खर्चाचा मोठा हिस्सा या चार-पाच भागांत जातो. नोएडात जे होते ते जुळणी, तपासणी आणि पॅकिंग, आणि तेच काम चिनी नावाच्या फोनसाठीही नोएडातलीच मुले-मुली करतात.

इथे एक गोष्ट मजकूरकर्त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. नफा आणि रॉयल्टी कुठे जाते हा प्रश्न वेगळा आहे आणि तो रास्त आहे. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने शाओमीच्या भारतीय कंपनीचे ५,५५१ कोटी रुपये जप्त केले, ते रॉयल्टीच्या नावाने परदेशी पाठवलेल्या रकमांच्या प्रकरणात. भारतीय मालकाच्या कंपनीचा नफा इथे राहतो, हे बरोबर. पण जिथे मुळात नफ्याचे प्रमाणच शेकड्यात चार-पाच आहे, तिथे दहा हजारांच्या फोनमागे ही गोष्ट चार-पाचशे रुपयांची आहे, ‘सगळ्या पैशा’ची नाही.

राहिला शेवटचा दावा, आणि त्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या घटनेनंतर चिनी मालाबद्दल जो संताप होता तो मी काउंटरवर अनुभवला. जुलैमध्ये घणसोली गावातले एक गृहस्थ मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी फोन घ्यायला आले. आठ हजार रुपये खिशात होते, आणि आत येताच ते म्हणाले, ‘दादा, चिनी सोडून काहीही द्या.’ मी सॅमसंगचा त्या किमतीतला फोन दाखवला, त्यात मेमरी कमी होती. भारतीय नावाचा त्या तोडीचा फोन माझ्याकडे नव्हता आणि वाशीच्या डिस्ट्रिब्युटरकडेही नव्हता. ते अर्धा तास बसले. शेवटी मुलीने हळूच सांगितले की शाळेचे ॲप या फोनवर अडकते, मैत्रिणीकडे आहे तोच घ्या. त्यांनी रेडमी घेतला, आणि पैसे मोजताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. या माणसाच्या देशप्रेमात काही कमी होते असे कोणी म्हणू नये. कमी होता तो फोन.

आकडेही हेच सांगतात. काउंटरपॉइंट या बाजाराची मोजणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत २०२० च्या पहिल्या तिमाहीतला चिनी कंपन्यांचा ८१ टक्के वाटा दुसऱ्या तिमाहीत ७२ टक्क्यांवर आला, आणि त्यात टाळेबंदीने विस्कळीत झालेल्या पुरवठ्याचाही भाग होता. त्याच काळात सॅमसंग १६ वरून २६ टक्क्यांवर गेली. सुटलेली जागा कोरियन कंपनीने घेतली, कारण तिच्याकडे विकायला माल होता.

मायक्रोमॅक्स परतली ती ३ नोव्हेंबर २०२० रोजी, ‘इन’ हे नाव घेऊन. इन नोट १ हा फोन १०,९९९ रुपयांना होता आणि जाहिरातमुक्त, स्वच्छ अँड्रॉइड ही त्याची जमेची बाजू होती. पण आतली हेलिओ जी८५ चिप तीच होती जी रेडमी नोट ९ मध्ये त्याच वर्षी जुलैपासून होती, आणि सुरुवातीची विक्री फ्लिपकार्टवर व कंपनीच्या संकेतस्थळावर झाली. ज्या कंपनीची ताकद एकेकाळी गल्लीबोळातल्या दुकानांत होती, ती प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वात भक्कम मैदानात त्यांच्याकडे आधीच असलेल्या चिपवर उतरली. लोकांच्या भावना अनुकूल, सरकारी योजना अनुकूल, आणि तरीही ही मालिका बाजारात पाय रोवू शकली नाही.

‘दोन वर्षांत पहिला’ म्हणजे किती, तेही मोजून पाहावे. भारतात वर्षाला सुमारे १५ कोटी स्मार्टफोन कंपन्यांकडून बाजारात जातात. पहिला क्रमांक घ्यायचा तर ढोबळमानाने त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे अडीच कोटी फोन, विकावे लागतील. दहा हजार रुपये सरासरी धरली तरी ही वर्षाची २५ हजार कोटींची उलाढाल झाली, आणि एवढ्या चिपा व डिस्प्ले महिनोन्महिने आधी ऑर्डर देऊन अडकवून ठेवावे लागतात. ग्रुपवरच्या निश्चयाने ही तजवीज होत नाही.

मग आपल्या कंपन्यांना भवितव्यच नाही का? आहे, पण ते मजकुरात दाखवले आहे तिथे नाही. नोएडाची डिक्सन दुसऱ्यांच्या नावाचे फोन बनवून मोठी झाली, आणि टाटा इलेक्ट्रॉनिक्सने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या नरसापूरचा विस्ट्रॉनचा कारखाना घेऊन आयफोनची जुळणी हाती घेतली. स्वतःच्या नावाने लढणाऱ्यांत लाव्हा अजून उभी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने अग्नी हा फाइव्हजी फोन १९,९९९ रुपयांना काढला, आणि पुढे नको असलेल्या ॲपविना अँड्रॉइड व घरपोच सेवा यांवर भर दिला. माझ्या मते ही दिशा बरोबर आहे, कारण दहा ते वीस हजारांच्या फोनमध्ये चिप सगळ्यांची सारखीच असते आणि फरक पडतो तो फोन बिघडल्यावर.

हे मी टेबलावर रोज पाहतो. चिनी फोन फुटला तर त्याचा फोल्डर मला संध्याकाळपर्यंत मिळतो आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात ऐरोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने हौसेने घेतलेला भारतीय नावाचा फोन स्क्रीन फुटून आला. बाजारात फोल्डर नव्हता, कंपनीच्या सेवा केंद्रात नऊ दिवसांचा वायदा मिळाला आणि तो तीन वेळा पुढे गेला. बाई रोज संध्याकाळी फिरून परतताना दुकानात डोकावत, ‘आला का हो?’ म्हणून विचारत, आणि मी नाही म्हणालो की कंपनीची बाजू घेऊन मलाच समजावत. सव्विसाव्या दिवशी फोल्डर आला. तोवर त्यांच्या मुलाने पुण्याहून दुसरा फोन पाठवला होता, आणि तो चिनी होता.