पोरासमोर अहिराणी बोलू नका म्हणे!

परवा अमळनेरहून बहिणीने तोच फॉरवर्ड पाठवला जो आठवडाभर आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे पहिलीतल्या पोरांना सरकी-चिंचोके मांडायला लावणं, गाणी, पळापळी हा सगळा मास्तर लोकांचा टाइमपास, वर फुकटचा खर्च, अक्षर घोटूनच येतं, आपल्या काळी असली थेरं नव्हती, आणि कहर म्हणजे घरात अहिराणी बोलू नका, पोराचं मराठी कायमचं बिघडतं. बहिणीने लगेच सासूबाईंना सांगून टाकलं, नातवासमोर अहिराणी नको. आता त्या माउलीला दुसरं काही बोलताच येत नाही, गप्प बसली बिचारी!

तर आधी तेच घेते. पोरगं 'डोया' म्हणतं, 'केय' म्हणतं, म्हणजे डोळा आणि केळं त्याला चांगलं माहीत आहे, फक्त ळ जिभेवर बसायचाय. भाच्याच्या बाई काय करतात, "आठे ये, तठे जाय" असा हुकूम सोडतात, पोरं पळतात, मग तोच हुकूम "इथे ये, तिथे जा", परत पळतात. चार दिवसांत पोरंच बाईंना मराठीत हुकूम सोडायला लागली, अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. अहिराणीचंच बोट धरून मराठी आली ना? आणि हे काही बाईंच्या डोक्यातलं खूळ नाही, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा परिच्छेद 4.11 काढून वाचा, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, आणि त्या भाषेत पुस्तकं नसली तरी वर्गातलं बोलणं तरी तिच्यातच ठेवा, असं सरळ लिहिलंय.

घोटण्याचं म्हणाल तर सरकीने पाटीवर 'ग' मांडणं हे घोटणंच आहे हो, फक्त पेन्सिल धरायच्या आधी बोटं वळतात.

आपल्या काळी नव्हतं? गाण्या-खेळांतून शिकवणाऱ्या ताराबाई मोडकांचा नूतन बालशिक्षण संघ 1926 चा आहे, तुमचा काळ नक्की कुठला?

एक मात्र मान्य करते, नाइलाजाने. काही शाळांत कृती म्हणजे निव्वळ फोटो. कापूस चिकटवलेला ससा, तोही रात्री अकराला आईने चिकटवलेला, आणि पोराला 'स' ओळखता येत नाही. तो टाइमपासच. पण म्हणून बाराखडी घोकायला बसवा हे कुठून निघालं?

राहिला खर्च. कापसाच्या खान्देशात, सरकीचा खर्च!

बहिणीला फोन केलाय, ग्रुप नंतर बघ, आधी सासूबाईंना बोलू दे.