टाकीतला गंज आणि ओट्यावरचे तात्या

“कोनं लगीन शे रे भो?”

समोरच्या ओट्यावरून तात्यांनी अहिराणीत हे विचारलं तेव्हा मी अंगणात पेट्रोलची टाकी छातीशी कवटाळून गदागदा हलवत होतो. टाकीत सायकलची जुनी चेन टाकलेली होती. आवाज मोठा होता हे मान्य, पण त्यात लग्नाचं काही नव्हतं.

“काही नई तात्या, टाकी धोई ऱ्हायनू.”

“माले वाटनं बँडनी तालीम चालनी. चाल चांगली शे,” म्हणाले, आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून थेट आमच्या अंगणात आले. इथेच मी मनातून खचलो. उभ्याने सल्ला देणारा माणूस पाय दुखले की जातो. खुर्ची आणणारा जेवणाच्या हाकेपर्यंत हलत नाही.

टाकी काकांच्या हिरो होंडा सीडी 100 ची. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही त्या गाडीची जाहिरात. काकांनी तिन्ही आज्ञा पाळल्या, तिसरी जरा जास्तच मन लावून. टाकी अर्धी असताना गाडी गोठ्यात लावली, वर पोतं टाकलं आणि विषय संपवला. अर्ध्या टाकीत वर हवा, हवेत ओल. पावसाळ्यात ती ओल पत्र्याला आतून घाम आणते, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे थेंब तळाशी जाऊन बसतो. बाकीचं काम लोखंड स्वतःच करतं. गाडी माझ्याकडे आली ती पारोळा रोडवर बंद पडण्यासाठीच. दर वेळी कार्बोरेटर खोलायचा, वाटीत लाल गाळ, पेट्रोल सोडणारं बारीक भोक, म्हणजे जेट, बुजलेलं. दर वेळी मेकॅनिक म्हणणार, “कचरा टाकीतून येतोय,” आणि टाकी तशीच ठेवून कार्बोरेटर साफ केल्याचे पैसे घेणार.

म्हणून ही चेन. कोणी खडी टाकतात, कोणी नटबोल्ट. पण खडीचा एखादा खडा कोपऱ्यात लपून बसतो. चेन एका टोकाला धरली की सगळी बाहेर येते. हे मी तात्यांना समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, “चिच टाक.”

“चिंच?”

“तांब्याना हांडा कशानं चमकस? चिच टाक, राखुंडी टाक, घस.”

हात कुठून घालून घासू, हे विचारायची सोय नव्हती. अमळनेरात कोणाला उलटून बोलताना माणूस दोनदा विचार करतो, आणि त्यामागे संस्कार कमी, शेअर बाजार जास्त आहे. विप्रो ही आमच्या गावची. 1945 साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाने इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढे त्याचं संगणकाचं साम्राज्य झालं. त्या काळी ज्यांनी शेअर घेतले आणि विकायचा कंटाळा केला, त्यांची घरं आजही बाहेरून आमच्यासारखीच दिसतात. म्हणजे समोरच्या भोकं पडलेल्या बनियनमध्ये कोण बसलंय, काही सांगता येत नाही. तात्यांकडे शेअर आहेत असं गल्लीत कोणीही छातीठोक सांगणार नाही आणि नाहीत असंही म्हणणार नाही. या संशयाच्या जोरावर तात्या गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सल्ले देतायत आणि आम्ही ऐकतोय.

“ॲव्हरेज काय देस?” त्यांनी विचारलं. माझ्या हातात नुसती टाकी. गाडीचा सांगाडा भिंतीला टेकलेला.

“चांगलं देस.”

“मंग गंज कशाले काढस? गंजनीच धरी ठेयेल शे टाकी. गंज काढशी, ते टाकी कशावर उभी ऱ्हाई?”

मी हसलो. दमलो होतो, घाम डोळ्यांत जात होता, आणि मला विद्वत्ता दाखवायची खुमखुमी आली. म्हटलं, “तात्या, गंज जुना शे, पन आतेना पेट्रोलनी आखो वाढाव. त्याम्हा इथेनॉल ऱ्हास, ते पानी ओढस.”

“इथेनॉल कशानं व्हस?”

“उसनं. मकानं.”

“मका कोन पिकाडस?”

मी चेन हलवायची थांबवली.

“तुनी टाकीम्हा मना मका शे भो. मना मका पेट्रोलम्हा जास, तू गाडी फिराडस, आनि वरून तेलेच नावं ठेवस?” तात्या खुर्चीतून पुढे सरकले. “2025-26ना हमीभाव क्विंटलले 2400 लिखेल व्हता. माले कितला भेटना, इचार.”

“कितला भेटना?”

“इचारू नको.”

यावर काय बोलणार? पण माझीही बाजू आहे, आणि ती तात्यांसमोर मांडता आली नाही म्हणून इथे मांडतो. पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारचं लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं आणि गाठलंही. देशाचं परकीय चलन वाचतं, उत्तम. पण ऐंशीच्या दशकातल्या डिझाइनच्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर काही हे पेय पिण्यासाठी जन्माला आलेले नाहीत. आमच्या पंपावर नोझल एकच. साधं पेट्रोल मागितलं की पोरगा “हेच साधं” म्हणतो. मक्याचा भाव तात्यांना मिळत नाही, पेट्रोलचा भाव माझा कमी होत नाही, मधल्या मधे टाकी गंजते. यात नक्की कोणाचं भलं झालं, ते आम्हा दोघांना ओट्यावर बसवून एकदा कोणीतरी सांगावं.

असो. चेनने सुटा गंज निघतो, चिकटलेला निघत नाही. त्यासाठी लिंबूसत्व. लिटरभर पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम, पाणी गरम. टाकीभर म्हणजे बरंच होतं. किराणावाल्याने “पाणपोई लावता का?” म्हणून कौतुकाने पाहिलं. कॉक काढून भोकाला रबरी बूच मारलं, टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी हिरवट-पिवळं पाणी निघालं. मग खायचा सोडा घालून आंबटपणा मारायचा, धुवायचं आणि लगेच, अगदी लगेच, कोरडं करायचं. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत परत केशरी होतं. पण पंचेचाळीसच्या वर पारा नेणारं आपलं ऊन या एका कामी आलं. टाकी एवढी तापली की फडक्याने धरावी लागली. टॉर्च मारून पाहिलं तर आत राखाडी, स्वच्छ पत्रा.

तात्यांना मुद्दाम हाक मारून बोलावलं. टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, “हं” केलं आणि खुर्चीत बसले. मी टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं, पत्र्याला परत गंज धरू नये म्हणून टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल थेंबभर घातलं, फिरवलं.

तळाच्या शिवणीशी एक थेंब जमला. मग दुसरा. सुईच्या टोकाएवढं भोक, आणि आतापर्यंत त्यात कोण बसलं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

डाक लावणाऱ्याकडे टाकी न्यायची म्हणजे आधी पूर्ण पाण्याने भरून द्यायची, नाहीतर तो हातही लावत नाही, आणि लावू नयेच. म्हणजे परत पाणी, परत ओल, परत ऊन. हे सगळं माझ्या डोक्यात चालू असताना तात्या वाकले. पडता थेंब त्यांनी बोटावर घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला.

“मनाच शे,” म्हणाले.