स्पोर्ट्स बार काढताय? आधी एक लिसा गाठा

टेक्ससमध्ये हायवेला लागून गाळा मिळत असेल तर फार विचार करू नका. भिंतीभर टीव्ही लावा, बिअर गार ठेवा आणि वाढायला मुली नेमा, आखूड कपड्यांतल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र 'आमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे' असंच सांगत राहा. पुरुष वेटर का नाहीत, म्हणून कोणी कोर्टात गेलं तरी डगमगू नका. 'हूटर्स' या अशाच अमेरिकी साखळीने १९९७ साली साडेसदतीस लाख डॉलर मोजून असा दावा मिटवला. वाढायला मुलीच राहिल्या.

पगाराचा घोर तुम्हाला नको. टिप घेणाऱ्यांसाठी केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर, १९९१ पासून जिथल्या तिथे. टेक्सस त्यावर सेंटही चढवत नाही. टिपेसकट बाकीच्यांचं किमान वेतन, म्हणजे ताशी ७.२५ डॉलर, भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो म्हणे. पण मुली गिऱ्हाइकाच्या शिळ्या विनोदांना हसून तो भरून काढतीलच की!

आता मुख्य गोष्ट, मॅनेजर. त्यासाठी अँड्र्यू बुजाल्स्कीचा 'सपोर्ट द गर्ल्स' (२०१८) हा चित्रपट धंद्याचं क्रमिक पुस्तक समजून बघा. त्यातल्या 'डबल व्हॅमीज' या अशाच बारची मॅनेजर लिसा सकाळी गाडीत बसून रडते, डोळे पुसते आणि कामाला लागते. छतात चोर अडकलेला. रात्री मोठी लढत दाखवायची आणि केबल बंद. एका मुलीने छळणाऱ्या मित्रावर गाडी घातलीय, तिच्या मदतीसाठी बाकीच्या पोरी बारबाहेर गाड्या धुताहेत. हे सगळं लिसा एकाच पगारात निस्तरते! अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत, नशीब लागतं.

तुम्ही मालक कबीचा कित्ता गिरवा. एका पाळीला एकच कृष्णवर्णीय मुलगी, हा नियम तोंडीच ठेवा. आणि दिवस जरा बिघडला की खापर लिसावर फोडा. रेजिना हॉलला या भूमिकेसाठी न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कलने सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं, तो मान मिळवणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय अभिनेत्री. समीक्षकांचं काय जातं? त्यांना कुठे बार चालवायचाय!

लिसा गेली की पोरीही जातील, बहुधा 'मॅनकेव्ह' नावाच्या नव्या चकचकीत साखळीकडे मुलाखतीला. जाऊ द्यात. तुम्ही लगेच पाटी लावा: 'हसतमुख मुली हव्यात. घरच्या अडचणी घरी ठेवून याव्यात.'