रशियन शिकलं म्हणून ‘नीट’ माफ होत नाही

नागपुरातल्या बारावीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कॉलेजात रशियनचा कोर्स केला की रशियातल्या एमबीबीएसला ‘नीट’ लागत नाही. हे चूक आहे. परदेशातून डॉक्टर होऊन भारतात प्रॅक्टिस करायची, तर २०१८पासून ‘नीट’ पात्रता लागतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या राजपत्रित नियमांनुसार शिक्षणाचं माध्यमही इंग्रजीच हवं, आणि अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा. भाषेच्या प्रमाणपत्रामुळे ‘नीट’मधून सूट कुठेच नाही.

रशियन जरूर शिका. ३३ अक्षरं, सहा विभक्ती; मराठी पोरांना विभक्ती काही नवी नाही. तिथल्या वॉर्डात पेशंटशी बोलायला तीच लागेल, आणि कथा-कविता मुळातून वाचण्याचं सुख वेगळंच. मात्र खोट्या आशेवर फी भरू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला तर त्याखाली हा खुलासा टाका.