पुस्तकावर ‘इंटरमीजिएट’ लिहिलंय, पण वर्गात ते नेमकं कोण आहे?

परवा ओळखीतल्या एका नव्या शिक्षिकेचा मेसेज आला. तिने नुकताच मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू केलाय. “ताई, बारा जण आहेत. दोघं नाव सांगून झालं की थांबतात. तिघं धडाधड बोलतात, पण व्याकरणाच्या नावाने बोंब. बाकीचे मधे कुठेतरी. सगळ्यांना चालेल असं एकच पुस्तक सांग ना.”

हाच प्रश्न बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या कुणाला तरी विचारला होता. उत्तरादाखल जे पुस्तक मिळालं, त्यात माझा अर्धा कोर्स वाया गेला. गुळगुळीत कागद, हसऱ्या माणसांचे फोटो, मुखपृष्ठावर ‘इंटरमीजिएट’. मी म्हटलं, मधलं घेतलं की झालं, खालचे थोडे वर येतील, वरचे थोडं सांभाळून घेतील. तिसऱ्या युनिटपर्यंत चित्र स्पष्ट झालं. रिकाम्या जागा भरायच्या होत्या. एकाने दोन मिनिटांत संपवून मोबाईल काढला, एक बाई शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होत्या आणि मी या बाकावरून त्या बाकावर पळत होते. तास संपल्यावर लक्षात आलं की वर्ग संभाषणाचा असूनही तासभर फक्त पेनांचा आवाज येत होता.

म्हणून आता माझं मत ठाम आहे आणि ते काहींना पटणार नाही, हेही माहीत आहे. मिश्र वर्गासाठी पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरची पातळी सगळ्यात शेवटी बघावी. आधी बघायचं ते हे की त्यातलं काम उघडं आहे की बंद. बंद म्हणजे उत्तर एकच आणि तेही मागे छापलेलं. उघडं म्हणजे ज्याला जेवढं येतं, तेवढं तो त्यात ओतू शकतो.

पातळीचं म्हणाल तर, पुस्तकांवर जे ए१, बी१ वगैरे छापतात, ते ‘सीईएफआर’ या, कुणाला भाषा किती येते हे मोजणाऱ्या चौकटीतून आलेलं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. गंमत अशी की ही चौकट वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं वेगवेगळं मोजते. बोलण्यातही समोरच्याशी केलेलं संभाषण वेगळं आणि एकट्याने सलग केलेलं निवेदन वेगळं. म्हणजे एकच माणूस वाचनात बी२ आणि संभाषणात ए२ असू शकतो, आणि मोठ्यांच्या वर्गात असे लोक ढिगाने भेटतात. आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला गृहस्थ तोंड उघडायचं म्हटलं की घामाघूम होतो. उलट दिवसभर गिऱ्हाइकांशी मोडकंतोडकं बोलणारा विक्रेता कुणालाही न घाबरता बोलतो, पण अर्ज लिहायला सांगितला की गळपटतो. या दोघांना एकाच शिडीवर वर-खाली उभं करता येत नाही. मुखपृष्ठावरच्या एका शब्दाने मात्र तेच केलेलं असतं.

आणखी एक हिशेब. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे अगदी सुरुवातीपासून ए२ पर्यंत पोचायला मार्गदर्शनाखालचे साधारण १८० ते २०० तास लागतात, बी१ पर्यंत ३५० ते ४००, बी२ पर्यंत ५०० ते ६००. बहुतेक संभाषण वर्ग असतात चाळीस-पन्नास तासांचे. म्हणजे या कोर्समध्ये कुणीही अख्खी पायरी चढणार नाही. तेव्हा ‘खालच्यांना ओढून मधल्यांपर्यंत आणणारं पुस्तक’ शोधण्यात अर्थ नाही. आहेत त्या पातळीवर ते एकमेकांशी बोलू शकतील असं पुस्तक हवं.

ते ओळखायचं कसं? मी पुस्तक हातात घेतलं की आधी मागची पानं उघडते. चांगल्या संभाषण-पुस्तकात तिथे ‘स्टुडंट ए’ आणि ‘स्टुडंट बी’ अशी वेगवेगळी पानं असतात. एकाकडे घराची माहिती, दुसऱ्याकडे भाडेकरूची गरज. दोघांनी एकमेकांचं पान बघायचं नाही. इथे विचारल्याशिवाय गत्यंतरच नसतं. कच्चा विद्यार्थी ‘हाऊ मेनी रूम्स?’ एवढंच विचारेल, पक्का असेल तो घासाघीस करेल, अटी घालेल, शेवटी नकोच म्हणेल. पान तेच, पण दोघांनाही घाम फुटतो. याउलट दोघांसमोर एकच संवाद छापलेला असेल आणि एकाने ‘ए’, दुसऱ्याने ‘बी’ वाचायचं असेल, तर ते नाट्यवाचन झालं. समोरचा काय म्हणणार हे आधीच माहीत असेल तर ऐकायचं तरी कशाला?

मागे अजून एक गोष्ट शोधते. ऑडिओचा मजकूर छापलेला आहे का? कच्च्या मंडळींना दुसऱ्यांदा ऐकताना तो समोर ठेवता आला, तर ती मधेच सोडून देत नाहीत. टीचर्स बुकमध्ये प्रत्येक कामाखाली ‘जास्त आधार हवा असेल तर’ आणि ‘लवकर संपलं तर’ अशा दोन ओळी असतील, तर लेखकाने खरा वर्ग पाहिलेला आहे.

आता पातळी. निवडायचीच असेल तर मधल्यापेक्षा अर्धी पायरी खालची घ्या. सोप्या मजकुरावर हुशार माणूस अवघड बोलू शकतो, पण अवघड मजकुरावर कच्च्या माणसाला सोपंसुद्धा बोलता येत नाही, कारण तो अजून वाचण्यातच अडकलेला असतो. शिक्षकांमध्ये एक जुनं सूत्र आहे, मजकूर बदलू नको, त्यावरचं काम सोपं-अवघड कर. मिश्र वर्गात त्याला पर्याय नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, “पक्क्यांना अपमान वाटतो. पैसे भरून आलेत ते.” खरं आहे, मला तोंडावर ऐकवलेलं आहे. त्यावर उपाय पुस्तकात सापडत नाही, तो आपण करायचा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये ज्यावर लिहिलं, ती ४-३-२ ची पद्धत मी फार वापरते. एकाच विषयावर एका जोडीदाराशी चार मिनिटं बोला, मग तेच दुसऱ्याशी तीन मिनिटांत, मग तिसऱ्याशी दोन मिनिटांत. ‘सोपं आहे’ म्हणणारे तिसऱ्या फेरीत धापा टाकतात. नवख्यांना चार मिनिटं म्हणजे डोंगर, म्हणून त्यांना दोन, दीड, एक. वर्ग एक, विषय एक, घड्याळं दोन.

विषयांवर मात्र मला जरा रागच आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाशकांकडे टाळायच्या विषयांची एक यादी असते. राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, निरनिराळे ‘इझम’ आणि डुकराचं मांस. यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार्सनिप’ हा शब्द रूढ झालाय. जगभर एकच पुस्तक विकायचं तर हे समजण्यासारखं आहे. पण मग उरतं काय? प्रवास, खरेदी, छंद, नामवंतांची आयुष्यं. ‘तुमच्या गेल्या परदेशी सहलीबद्दल सांगा.’ ज्याने पाच वर्षांत रजा घेतली नाही, त्याने काय सांगायचं? त्याचं इंग्रजी कमी पडत नसतं, सांगण्यासारखं काही नसतं, आणि वर्गाला वाटतं त्याला येत नाही.

एकदा कुटुंबाचं युनिट होतं. वंशवृक्ष काढायचा, नवऱ्याबद्दल-बायकोबद्दल तीन वाक्यं. एका बाईंनी वही मिटली. दोन महिन्यांपूर्वीच त्यांचे यजमान गेले होते, आणि मला ते माहीत नव्हतं. चूक पुस्तकाची नव्हती, माझीच होती, मी प्रश्न आधी नीट वाचले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला मी एक कसोटी लावते. स्वतःचं काही उघडं न करताही याचं उत्तर देता येईल का? ‘तुमच्या घराबद्दल सांगा’ऐवजी ‘घर घेताना माणसं कशाला महत्त्व देतात?’ असं विचारलं की ज्याला स्वतःबद्दल बोलायचंय तो बोलतो, ज्याला नको तो दुसऱ्यांबद्दल बोलतो. आणि मोठ्या माणसांना खरं लागतं ते वेगळंच. तक्रार कशी करायची, साहेबांकडे रजा कशी मागायची, डॉक्टरांना आईचं दुखणं कसं सांगायचं, फोनवर समोरचा भराभर बोलायला लागला तर त्याला थांबवायचं कसं.

त्या शेवटच्यासाठी पुस्तकात बघा, ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’, ‘लेट मी थिंक’, ‘डू यू मीन...?’ असली वाक्यं कितव्या पानावर येतात. संभाषण बुडायला लागलं की यांनाच धरून तरता येतं, आणि सगळ्यात आधी बुडतो तो कच्चा विद्यार्थी. ही वाक्यं शंभराव्या पानावर ‘उपयुक्त वाक्प्रयोग’ म्हणून चौकटीत कोंबलेली असतील तर काय कामाची? पहिल्याच आठवड्यात हवीत.

आणि हजेरी! हे कुणीच सांगत नाही. मोठी माणसं दांड्या मारतात. मूल आजारी, ऑफिसात काम, पाहुणे. ज्या पुस्तकात सातव्या युनिटची गोष्ट सहाव्यातून पुढे चालू होते, ते अशा वर्गात निरुपयोगी. प्रत्येक युनिट स्वतःच्या पायावर उभं हवं.

काही जण म्हणतील, पुस्तक हवंच कशाला? इंग्रजी शिकवण्यावर लिहिणारे स्कॉट थॉर्नबरी यांनी २००० साली ‘डॉगमे’ नावाने हीच भूमिका मांडली. साहित्य कमीत कमी, शिकणाऱ्यांच्या बोलण्यातूनच धडा उभा करायचा. मला ती आवडते, आणि मुरलेल्या शिक्षकाच्या हातात ती कमाल करते. पण दिवसभर राबून संध्याकाळी वर्गावर येणाऱ्या नव्या शिक्षिकेला मी हे सांगणार नाही. शिवाय मोठ्यांना हातात काहीतरी हवं असतं, घरी उघडून बघायला, चुकलेला तास भरून काढायला.

तर त्या मैत्रिणीला मी पुस्तकाचं नाव सांगितलंच नाही. म्हटलं, तुझ्याकडे जी दोन आहेत, त्यांतलं एकेक जोडीचं काम घे, वर्गातला सगळ्यात अबोल आणि सगळ्यात बोलका समोरासमोर बसव आणि वीस मिनिटं नुसतं बघ. मधे बोलू नकोस.

काल तिचा मेसेज आला. पहिल्या पुस्तकाचं काम तीन मिनिटांत संपलं, ते बाद. दुसऱ्यातलं वीस मिनिटं पुरलं. घर भाड्याने द्यायचं होतं, अबोल माणूस भाडेकरू झाला होता. त्याने अकरा प्रश्न विचारले, तिने मोजले. आणि बोलक्याने? भाषणं ठोकली, पण घरमालक असून भाडेकरू कोण, किती जण, किती दिवस राहणार, यातलं काहीच विचारलं नाही. “ताई, आता याचं काय करू?”

मी कळवलंय, पुढच्या वेळी माहितीचं पान दुसऱ्याला दे आणि भाडेकरू याला कर.