‘इथे ज्यांना कोणी विचारत नाही...’ : शिक्षकप्रेमी यांना उत्तर

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्या कशा शोधायच्या, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘शिक्षकप्रेमी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी काहीतरी तोडून-मोडून उत्तर देतेय असं कुणाला वाटायला नको:

“मॅडम, लेख छान सजवलाय. पण भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायला कोण घेतंय? तिकडे गोरा चेहरा लागतो. एजंट लोक पैसे घेऊन पसार होतात त्यावर एक ओळ नाही. खरं सांगायचं तर इथे ज्यांना कोणी विचारत नाही, तेच तिकडे जाऊन टीचर होतात. आमच्या झेडपीच्या शाळांना शिक्षक नाहीत आणि तुम्ही पोरींना देश सोडायच्या टिप्स देताय. असो, तुमचं दुकान चालू द्या.”

दुकान! या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. मी क्लास चालवत नाही, मार्गदर्शनाची फी घेत नाही, कुणाला कुठल्या एजंटाचा नंबर देत नाही. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळं आवरल्यावर रात्री बसून इथल्या मुलींच्या प्रश्नांना उत्तरं लिहिते, ती मला कुणीही काही दिलेलं नसताना. ‘लेख छान सजवलाय’ म्हणजे काय? त्यातली कुठली माहिती चुकीची आहे ते एका ओळीत सांगता आलं असतं. ते सांगायचं नाही, नुसतं ‘मॅडम’ म्हणायचं आणि शेवटी ‘असो’ म्हणून हात झटकायचे. ही पद्धत मला चांगली माहीत आहे. स्टाफरूममध्ये ती फार वर्षं ऐकली आहे.

बाकीच्या वाक्यांकडे नंतर येते. ‘इथे ज्यांना कोणी विचारत नाही, तेच तिकडे जाऊन टीचर होतात’ हे वाक्य मात्र मी सहज सोडणार नाही.

ते धादांत खोटं आहे. बाहेरची चांगल्या पगाराची कुठलीही शिक्षकाची नोकरी घ्या, ती सगळ्यात आधी इथल्या कामाचा पुरावा मागते. अमिरातीतल्या चांगल्या शाळा बी.एड. आणि बहुतेकदा किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर शिक्षक म्हणून जायचं तर पदवी हवी आणि दोन वर्षं शिकवलेलं हवं. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा एरवी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. पण भारत आणि कोरिया यांच्यातला सेपा हा व्यापार-करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला आणि त्यात भारतीयांना तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक होण्याची वाट ठेवली आहे. जागा मोजक्याच असतात. तरी तिथेही इंग्रजीची पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता, दोन्ही दाखवावी लागतात. इथे वर्गात कधी उभं न राहिलेल्या माणसाला बाहेरची बरी शाळा मुलाखतीलाही बोलवत नाही. मग ‘कोणी विचारत नाही’ ते नेमके कोण?

माझंच सांगते, कारण तुमचा रोख माझ्याकडे आहे हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मी सासवडच्या मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. पुणे विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, मग बी.एड. हातात कागद आले आणि २०१२ मध्ये सरकारनं शिक्षकभरतीच थांबवली. अनुदानित शाळेत जागा नाही, जिल्हा परिषदेत भरती नाही. शेवटी पुण्याच्या उपनगरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत लागले. नाव लिहीत नाही. तिथे माझ्या खात्यात जो पगार जमा व्हायचा त्यातला मोठा हिस्सा दर महिन्याला रोख परत द्यावा लागायचा. मूळ प्रमाणपत्रं ‘पडताळणीसाठी’ म्हणून घेतली ती वर्षभर त्यांच्या कपाटात होती. सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर ‘पुढच्या आठवड्यात या’.

त्या शाळेतले पालक वर्ग बदलू नका म्हणून सांगायला यायचे. मुलं अजूनही फोन करतात, त्यातल्या दोघी आता स्वतः बी.एड. करत आहेत. तेव्हा मला इथे कोणी विचारत नव्हतं असं म्हणायचं असेल तर नीट म्हणा: संस्थाचालक विचारत नव्हते. त्यांचा दोष तुम्ही माझ्या माथी मारताय, आणि तुम्हाला ते जाणवतही नाहीये.

बरं, पुढचं ऐका. बाहेर जायला निघाले तेव्हा पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. एकाच बाईची तीन नावं आणि तिन्हींची स्पेलिंगं वेगळी. त्यासाठी राजपत्रात नाव बदलून घेतलं. पोलिसांच्या दाखल्यासाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेले. पदवीचं साक्षांकन म्हणजे आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. अमिरात अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे एका शिक्क्यावर काम भागत नाही. पहाटे उठून डेक्कन क्वीननं मुंबई गाठायची, खिडकीवर उभं राहायचं आणि संध्याकाळी परत येऊन दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायची. हे सगळं करून गेलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांना ‘ज्यांना कोणी विचारत नाही’ म्हणताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

शारजात मी आधी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत होते. तिथला पगार लाखांच्या गप्पा मारण्यासारखा नसतो, हे मी मूळ लेखातही लिहिलं आहे. सीबीएसई शाळांत सुरुवात तीन-चार हजार दिरहमपासून होते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत दहा-बारा हजारांच्या घरात, बरेचदा घरभाडं आणि वर्षाचं विमानाचं तिकीट वेगळं. त्या पगारावर आयकर नाही. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, म्हणून रुपया घसरला की घरी पाठवलेली रक्कम आपोआप वाढते. पहिल्या शाळेतून दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जाता येतं का, कसं, तिथे डेमो लेसनला काय बघतात, याच्यावर लेखाचा निम्मा भाग खर्ची घातला होता. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. वाचला असता तर पासपोर्टचा प्रश्न त्या शब्दांत विचारला नसता.

कारण ‘गोरा चेहरा’ लागणाऱ्या नोकऱ्या मी सुचवल्याच नव्हत्या. चीनमधल्या इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या मुख्यतः इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहेत, तिकडे आपण डोकं आपटू नये, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीन सरकारनं शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर टाच आणली तेव्हा त्या गोऱ्या चेहऱ्यांच्याही नोकऱ्या मोठ्या संख्येनं गेल्या. जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी मातृभाषा इंग्रजी नसणाऱ्यांनी बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेलं असावं लागतं. म्हणजे मराठी माध्यमातल्या मला तो दरवाजा बंदच होता, आणि तेही लेखात आहे. इंग्लंडनं फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या शिक्षकाच्या अधिकृत पात्रतेसाठी, थेट अर्ज करायची सोय केली, पण ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीच्या शिक्षकाला तिथे जागा नाही. हे सगळं लिहिलेलं असताना ‘पासपोर्टला कोण घेतंय’ असं विचारणं म्हणजे मुद्दा नसून नुसता टोमणा आहे. भेदभाव आहेच. एकाच शाळेत एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या दोघींना पासपोर्ट पाहून वेगवेगळे पगार मिळतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. पण कमी पगार मिळणं आणि कोणी न घेणं यांत फरक आहे. इथल्या पगाराशी तुलना केली तर तो फरक घराच्या हप्त्याएवढा निघतो.

एजंटांचं तुम्ही म्हणालात ते मान्य. एक ओळ हवी होती. तर ती ओळ आता घ्या, थोडी मोठीच. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते. त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. अमिरातीत तर फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला मनाई आहे. व्हिजिट व्हिसावर या, मग बघू, असं म्हणणाऱ्याकडे वळूनही बघायचं नाही. झालं? हा मुद्दा तुम्ही नीट शब्दांत मांडला असता तर त्याच रात्री लेखात घातला असता आणि तुमचे आभारही मानले असते.

आता झेडपीच्या शाळा. या विषयावर मला शिकवू नका. २०१२ नंतर भरती थांबली आणि भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. तोवर हजारो डी.एड., बी.एड. झालेली मुलं पुण्यात अभ्यासिकांमध्ये बसून होती, मेसचा डबा दोघांत वाटून खात होती. चाचणी देऊन, शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवर नाव लागून कुणी प्राथमिक शिक्षणसेवक झालंच तर मानधन महिना ६,००० रुपये, तीन वर्षं. ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. माझ्या मैत्रिणीनं ते सहा हजारांचं शिक्षणसेवकपद दुर्गम भागात प्रामाणिकपणे केलं आहे, तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ज्यांना जागाच दिली नाही त्यांना ‘देश सोडला’ म्हणून हिणवायचं? शाळांना शिक्षक नाहीत याचा जाब तुम्ही कुणाला विचारलात? एखादं पत्र तरी लिहिलंत का जिल्हा परिषदेला? की तिथे खरं नाव लिहावं लागतं म्हणून राहिलं?

हे शेवटचं जरा जास्त झालं असेल. पण मी माझ्या नावानं लिहिते आणि तुम्ही टोपणनावाच्या आडून बोलता, हेही खरंच आहे.

मला या प्रतिक्रियेचा एवढा राग का आला, तेही सांगते. तुमच्या ओळींखाली हडपसरच्या एका मुलीनं लिहिलंय: ‘मग ताई, मी बी.एड.ला प्रवेश घेऊ की नको? बाबा म्हणतात, बघ, लोकच सांगतायत काही उपयोग नाही.’ तिचे बाबा मूळ लेख वाचणार नाहीत. ते तुमच्या चार ओळी वाचतील, कारण त्या लहान आहेत आणि ठाम आहेत. माझ्याही घरी असंच कुणीतरी ठामपणे सांगून गेलं होतं, की सासवडच्या पोरीला इंग्रजी घेऊन काय करायचंय. माझी आई ऐकली नाही म्हणून मी शिकले.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहायचं असेल तर मुद्द्यावर लिहा, उत्तर मिळेल. ‘मॅडम’, ‘पोरी’, ‘दुकान’ या सुरात लिहिलंत तर मिळणार नाही.

आणि हडपसरच्या ताईसाठी: प्रवेश घे. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेची, सीईटीची तारीख चुकवू नकोस. परकीयांना इंग्रजी शिकवण्याच्या १२० तासांच्या स्वस्त ऑनलाइन टेफल कोर्सवर आत्ता पैसे घालू नकोस, शाळेच्या नोकरीत त्याला बी.एड.ची किंमत नाही. पुढे कधी प्रौढांना भाषा शिकवायची ठरवलीस तर सेल्टा या केंब्रिजच्या प्रमाणपत्राचा विचार कर, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवून दाखवावं लागतं म्हणून त्याला मान आहे. बी.एड. झाल्यावर जिथे लागशील तिथे नेमणूकपत्र पहिल्या दिवशी मागून घे, पगार बँकेतच घे, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नकोस, साक्षांकित प्रती दे. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच कळव, रविवारी दुपारनंतर मी घरी असते.