डिओची बाटली टेबलावर ठेवू नका

ऑफिसातल्या कुणाच्या अंगाला वास येत असेल तर त्याला कसं सांगावं, यावरच्या एका लेखात सुचवलंय की नाव न घेता सगळ्या स्टाफला एक मेल टाकावा. आमच्याकडे हे करून झालंय. ज्या दोघी रोज दोनदा आंघोळ करतात त्याच दिवसभर स्वतःचे खांदे हुंगत बसल्या. ज्याच्यासाठी होता त्याने तो मेल उघडलाही नसेल. मग कुणा अतिशहाण्याने त्याच्या टेबलावर डिओची बाटली ठेवली. त्या दिवसापासून तो डबा जिन्यात बसून खायला लागला.

शेवटी अकाउंट्सच्या मॅडम त्याला खाली टपरीवर घेऊन गेल्या. चहा हातात आल्यावर म्हणाल्या, "एक सांगू का, राग मानू नकोस. शर्टाला घामाचा वास राहतोय रे." बस्स. 'सगळे म्हणतात' हे शब्द मुद्दाम टाळले. निघालं काय, तर बदलापूरहून गर्दीच्या लोकलने येणं, पॉलिस्टरचे दोनच शर्ट आणि पावसाळ्यात खोलीत धड न वाळणारे कपडे. ताज्या घामाला तसा वास नसतो, त्वचेवरच्या जंतूंमुळे तो येतो, आणि पॉलिस्टर तो सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतं. आता एक सुती शर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, आल्या आल्या बदलतो.

तोंडाच्या वासाचं मात्र निराळं. हिरड्यांचा आजार असू शकतो, तिथे च्युइंगम पुढे करून भागत नाही. आणि हो, एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून तर हे मुळीच सांगू नये. तिथे बोलावलं की माणसाला आधी नोकरी गेली असंच वाटतं.